सदतीस घरं आणि दोन पेनड्राइव्ह

माझ्या स्वभावात एक दोष आहे, असं माझ्या बायकोचं, रूपालीचं, म्हणणं आहे. मी त्याला दोष म्हणत नाही, बारकाई म्हणतो. दोन वस्तू समोर ठेवून कुणी ‘एक उचला’ म्हटलं, की मी दोन्हींकडे इतक्या प्रेमाने बघत बसतो, की दुकानदार मधल्या वेळात घरी जाऊन जेवून येतो. मी मराठी शाळेत शिक्षक आहे. चाळीस मुलांतून मॉनिटर निवडायला मला तीन आठवडे लागतात आणि तोवर मुलंच कुणाला तरी नेमून मोकळी झालेली असतात. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे घडलं त्याचं खापर कुणी लिनक्सवर फोडू नये.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, ब्याऐंशी वर्षांचे. त्यांची पहिली चाळीस वर्षं बेळगावच्या दक्षिणेला, जुन्या सुप्याच्या बाजारगल्लीत गेली. मग विजेसाठी धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि आम्ही ट्रकमध्ये बसून रामनगरला आलो. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. मला त्या गावातलं फारसं काही आठवत नाही. आप्पांना मात्र गल्लीतली अडतीसच्या अडतीस घरं पाठ होती. कुणाच्या दारात पेरू होता, कुणाचं कुत्रं कुणाला चावलं, सगळं.

यंदा अक्षय तृतीयेला जुन्या सुप्याच्या माणसांनी देवळात जमायचं ठरवलं आणि प्रत्येक गल्लीची घरवार यादी मोठ्या अक्षरात छापून भिंतीला लावायचं ठरलं. बाजारगल्लीत आप्पाच सगळ्यांत वडील, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं. आप्पा खुशीत होते. मग माघातल्या एका सकाळी ते पडवीत बसून बोटांवर घरं मोजत होते आणि चौथ्या बोटावर थांबले. तीन घरं झाली, पाचवं समोर होतं, पण चौथं कुणाचं ते काही केल्या आठवेना. संध्याकाळपर्यंत ते तसेच बसून राहिले. चहा गार झाला. शेवटी मला म्हणाले, “यशवंता, लौकर लिवून घे बाबा. आज एक गेलं, उद्या दुसरं जाईल.”

त्याच क्षणी वही-पेन्सिल घेऊन बसायला हवं होतं हे मलाही कळतं. पण आप्पांना आठवणी क्रमाने येत नाहीत. सातवं घर सांगताना तिसऱ्यातली विहीर आठवते, मग वहीत खाडाखोड, बाण, चिकटवलेले कागद. शिवाय त्यांना अंगठ्याएवढं अक्षर असलं तरच वाचता येतं. तेव्हा हे काम कॉम्प्युटरवरच व्हायला हवं, असं मी गंभीरपणे जाहीर केलं.

घरात एक लॅपटॉप होता. तो रूपालीच्या धाकट्या भावाने, अमोलने, स्वतः नवा घेतल्यावर आम्हाला दिलेला. त्याची बॅटरी कधीच वारली होती. भिंतीतून वायर काढली की तो तिथल्या तिथे मान टाकायचा. विंडोज इतकं हळू चालायचं, की मी बटण दाबून आंघोळ उरकून यायचो. त्यात गेल्या वर्षी त्या विंडोजची मुदत संपल्याचे निरोप पडद्यावर येऊ लागले. मी बेळगावला अमोलला फोन लावला.

“दाजी, विंडोज काढा, लिनक्स घाला,” तो म्हणाला. “फुकट हाय, आनि जुन्या मशीनवर झकास पळतंय.”

“कुठलं लिनक्स?”

“कुठलंबी घाला. सगळी चांगलीच हायती.”

हे वाक्य माझ्यासारख्या माणसाला सांगू नये. एक चांगलं आणि बाकीची टाकाऊ असती, तर मी त्याच आठवड्यात सदतीस काय, अडतीस घरं लिहून मोकळा झालो असतो.

मी शाळेच्या मागच्या चढावर, जिथे फोनला चार काड्या रेंज मिळते, तिथल्या दगडावर बसून अभ्यास सुरू केला. लिनक्स हे एक घराणं आहे असं मला कळलं. मूळ पुरुष एकच, पण भाऊबंद अगणित. डेबियनपासून उबुंटू निघालं, उबुंटूपासून मिंट निघालं आणि तिघंही आपापल्या अंगणात सुखाने नांदतात. पलीकडच्या आळीला फेडोरा. बरं, एवढ्यावर भागत नाही. प्रत्येकाला वर डेस्कटॉप म्हणून एक थर असतो. अमोलच्या शब्दांत, “पाया त्योच, वरचं छप्पर निराळं.” छपरांची नावं ग्नोम, केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई. एकात चालू कामांची पट्टी खाली असते, दुसऱ्यात बाजूला. वाटेल तर खालची बाजूला नेता येते आणि बाजूची खाली आणता येते. म्हणजे शेवटी सगळी सारखीच दिसू शकतात. मग वाटणी झाली कशावरून, हे मला अजून कळलेलं नाही. समोर सागाची पानं गळत होती, उन्हं कलत होती, आणि मी मिंटची आणि उबुंटूची चित्रं आलटून पालटून बघत होतो. आप्पा घरी वाट बघत असतील याची आठवण व्हायची. पण चांगल्या कामाला चांगली सुरुवात हवी, असं मी मनाला सांगायचो.

डाउनलोडसाठी काळेश्वर वाचन मंडळात जावं लागलं, कारण वायफाय तिथेच. मंडळाचं काम बघणारी रक्षिता माझीच विद्यार्थिनी. शाळेत ती माझ्यासमोर मान वर करत नसे. आता तिने माझ्यापुढे छापील अर्ज सरकवला. “सर, एक जीबीच्या वर असलं तर अर्ज लागतो. कारणाच्या रकान्यात कारण लिवा.”

मी लिहिलं, “लिनक्सच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचा तौलनिक अभ्यास.”

तिने वाचलं. “निरनिराळ्या म्हंजे किती?”

“चार. पुढे वाढतील.”

“मग चार अर्ज. एका अर्जावर एकच. आनि सर, चारी अर्जांवर तेच कारण कसं चालंल? अध्यक्ष मला इचारतील, चारी सारखी असतील तर एकच घ्या म्हनून.”

ज्या मुलीला मी ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला पाचपैकी दोन गुण दिले होते, तिच्यासमोर मी अर्धा तास फरक स्पष्ट करत होतो. मला स्वतःला मी दीड दिला असता. शेवटी दोनच मंजूर झाले, मिंट आणि उबुंटू. एक लाल पेनड्राइव्हवर घेतलं, दुसरं निळ्या.

अमोलने फोनवर सगळं समजावलं. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं, की लिनक्स न बसवताच उघडतं. त्याला ‘लाइव्ह’ म्हणतात. “नुसतं बघायला हाय ते, दाजी. आवडलं तर इन्स्टॉलचं बटण दाबा.” या वाक्यातलं ‘आवडलं तर’ एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

आणि मला दोन्ही आवडली. शाळेतून आलो की मी पडवीत लॅपटॉप मांडायचो आणि एक दिवस लाल, एक दिवस निळा असा संसार सुरू झाला. विंडोजमध्ये मला नेहमी सरकारी कचेरीत आल्यासारखं वाटायचं. इथे कुणी विचारणारं नव्हतं. खिडक्या अलगद उघडायच्या, अलगद मिटायच्या. पडद्याच्या भिंतीवरचं चित्र बदलता यायचं. मी एका धुकं पडलेल्या तळ्याचं चित्र लावायचो आणि त्याकडे बघता बघता मला आमचं धरणाचं पाणी दिसायचं. त्याच्या तळाशी आमची गल्ली असेल, दारं उघडी असतील, एखादा मासा आप्पांच्या गोष्टींतल्या दामू शिंप्याच्या ओट्यावरून सावकाश वळून जात असेल, असं काहीबाही मनात येत राहायचं. डोळा कधी लागायचा कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं की तळं गेलेलं असायचं, सगळं पुन्हा कोरं. मला ती त्या लिनक्सची शालीनता वाटायची. मी पुन्हा नव्याने तळं लावायचो.

शेजारचे महाबळेश्वर रोज चहाला हजर. ते वीजघरातून निवृत्त झालेले, त्यामुळे यंत्र या विषयावर अंतिम शब्द आपला, असं त्यांचं मत. पहिल्या आठवड्यात त्यांनी लालची बाजू घेतली, कारण त्यातला पत्त्यांचा डाव त्यांना जमला. दुसऱ्या आठवड्यात निळ्यातही तोच डाव मिळाल्यावर ते गोंधळले.

“मास्तर, दोघांचं पटत का न्हाई मग?”

“पटतं. पण वेगळे राहतात.”

“मग कौल घ्या,” महाबळेश्वर म्हणाले. “मानसाला सुधरंना झालं की देवाकडं जायाचं.”

मी सुशिक्षित माणूस आहे. पोरांना मी वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवतो. पण दोन आठवडे उलटले होते आणि अक्षय तृतीया जवळ येत होती. सोमवारी शाळेच्या आधी मी देवळात गेलो. हा देव आमच्याबरोबरच सुप्याहून ट्रकमधून आलेला, त्यामुळे थोडी घरची ओळख होती. परशू गुरवाने देवाच्या अंगावर पाण्याने दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

“बोला मास्तर, काय इचारायचं?”

मागे पाच-सहा माणसं उभी होती. एकाची म्हैस तीन दिवस आली नव्हती. मी आवाज खाली आणला. “उजवी लाल, डावी निळी. कुठलं घेऊ एवढंच.”

“फरक काय दोघांत? देवाला सांगाय पायजे.”

“तसा फरक नाही. पट्टी खाली की बाजूला, एवढंच.”

परशूने माझ्याकडे बघितलं, मग देवाकडे बघितलं, आणि गाऱ्हाणं घातलं. “बा महाराजा, ह्ये तुझं लेकरू दोन सारख्या वस्तूंत अडकलंय, त्येला वाट दाखव.” आम्ही वाट बघितली. म्हैसवाला खोकला. घंटेवर ऊन आलं. आणि दोन्ही पाकळ्या एकाच वेळी खाली पडल्या.

परशू गुरव तीस वर्षं कौल लावतो. असं कधी झालं नव्हतं म्हणे. “देव म्हनतोय, कुठलंबी घे,” तो हळूच म्हणाला. अमोल आणि देव यांचं मत एकच पडलं होतं, आणि माझी अडचण जिथल्या तिथे होती.

दुपारपर्यंत बाजारात बातमी पसरली की मास्तरांच्या दोन्ही पाकळ्या पडल्या. मी नक्की काय विचारलं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे ओळखलं. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन बदलीबद्दल विचारलं. मुलांनी त्या दिवशी वर्गात दंगा केला नाही. माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत एवढी शांतता मी पहिल्यांदा अनुभवली आणि ती दयेपोटी होती.

शनिवारी रूपालीने विषय संपवला. ती आप्पांना जेवण वाढून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“आज आप्पांनी मला दोनदा अक्का म्हटलं. भन समजून,” ती म्हणाली. “तुमचं लाल-निळं हुईपत्तोर त्यास्नी काय आठवनार हाय? उद्या ऐतवार. उद्या लिवायचं. कशात लिवता ते तुमचं तुमी बघा.”

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मी घाबरलो.

रविवारी सकाळी आप्पा धुतलेला सदरा घालून पडवीत आले. त्यांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढली आणि डोळे मिटले. मी लाल पेनड्राइव्ह लावला. लिनक्स उघडलं, मी नेहमीचं तळं लावलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘बाजारगल्ली, सुपा’.

“नदीकडनं वर येऊया,” आप्पा म्हणाले. “पयलं घर धोंडू कासाराचं. दारात पेरू, पन किडका. दुसरं बाबण्णा शेट्टीचं. त्येच्या ओट्यावर बसलं की जोंधळ्याचा वास येतोय. तिसरं केशर मावशीचं. तिला कानडी न्हाई, कोकणी न्हाई, नुसतं मराठी, पन भांडायची तिन्हीतनं. चौथं…” ते थांबले. त्यांच्या पापण्या हलत होत्या. “ऱ्हाऊ दे. म्होरं चल.”

मी चौथ्यासमोर जागा मोकळी सोडली. आम्ही वर जात राहिलो. शिंपी, तेली, घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा, ज्याचं स्वतःचं घड्याळ बंद असे. आप्पा मध्येच मागे वळत, आठव्या घरातली एखादी लग्नाची वरात विसाव्या घराशी येऊन सांगत, आणि मी मजकूर सरकवून ती जागच्या जागी बसवत होतो. वहीत हे जमलं नसतं, हे मी रूपालीला दोनदा ऐकवलं. दर चार घरांनी मी ‘सेव्ह’ करत होतो. दुपारी जेवायलाही आप्पा उठले नाहीत, त्यांनी खुर्चीतच पेज घेतली. त्यांचा आवाज इतका तरुण झाला होता, की मला भीती वाटली, आता हे मला ओळखणार नाहीत. पण मध्येच डोळे न उघडता म्हणाले, “लिवतोयस न्हवं यशवंता?” आणि मला बरं वाटलं.

चार वाजता अडतिसावं घर झालं. सदतीस लिहिलेली, एक मोकळी जागा. आप्पा दमून आत जाऊन आडवे झाले. मी शेवटचं सेव्ह केलं, पाय लांब केले आणि तळ्याकडे बघू लागलो. आता शांतपणे लाल की निळा ते ठरवावं, असा विचार करत होतो.

तेवढ्यात करंट गेला.

कुठेतरी तारेवर फांदी पडली असावी. लॅपटॉपने मान टाकली. मी निश्चिंत होतो, दहा वेळा सेव्ह केलं होतं. सव्वापाचला करंट आला, मी मशीन सुरू केलं. कोरा पडदा आला, तो रोजच यायचा. मी फाइल शोधली. फाइल नव्हती. पुन्हा शोधली. मग अमोलला फोन लावला. झालं ते सांगितलं.

“दाजी, तुमी लाइव्हमध्ये लिवलं? तीन आठवडं इन्स्टॉल केलंच न्हाई?”

“ठरलं नव्हतं.”

“लाइव्हमध्ये कायबी ऱ्हात न्हाई, दाजी. बंद केलं की गेलं.”

ज्या घराला भिंतीच नव्हत्या, त्याच्या कोनाड्यात मी दहा वेळा सगळं नेऊन ठेवलं होतं. सुपा एकदा विजेसाठी बुडालं. दुसऱ्यांदा वीज गेली म्हणून बुडालं, आणि या वेळी बुडवणारा मी होतो. मला रडू आलं. पन्नाशीला आलेला माणूस पडवीत लॅपटॉपसमोर रडताना बघून महाबळेश्वर चहा न पिता परत गेले. त्यांच्या आयुष्यात ते पहिल्यांदाच घडलं असेल.

रूपाली बाहेर आली. मी सांगितलं. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त फळीवर हात फिरवला, एक पेनड्राइव्ह उचलला आणि पुढे धरला. “ह्यो लावा. आनि आता बसवूनच टाका.”

“हाच का?”

“हाताला लागला म्हनून.”

तो निळा होता. मी इन्स्टॉलचं बटण दाबलं. तीन आठवडे मी ज्याच्या दारात उभा होतो, ते काम वीस-पंचवीस मिनिटांत झालं.

मग मी आत गेलो. आप्पा जागे होते. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सांगितलं, की सगळं पुसलं गेलं, चूक माझी.

“परत बुडालं म्हन की,” ते म्हणाले.

“व्हय.”

“कितीपत्तोर आलतो आपन?”

“सगळी झाली होती. चौथं सोडून.”

आप्पा उठून बसले आणि काठी शोधू लागले. मला वाटलं चिडले. पण ते पडवीकडे निघाले होते. “चल, उजेड हाय तवर बसू. चाळीस वर्सं मला कुनी इचारलं न्हवतं ह्या गल्लीचं, आज दोनदा इचारतोयस. आनि ह्या खेपंला वरनं खाली येऊ. नदीकडनं वर गेलं की समदी मानसं पाठमोरी दिसत्यात. तोंडं दिसली न्हाईत मला.”

आम्ही अडतिसाव्यापासून निघालो. मी नुसता लिहीत होतो. उतारावरून आप्पा भराभर येत होते. प्रत्येक दारात कुणीतरी त्यांना हाक मारत असावं, कारण ते मध्येच हसत होते, मध्येच मान हलवत होते. पंचवीस, अठरा, अकरा. सहावं तेल्याचं. पाचवं दामू शिंप्याचं, मशीन ओट्यावर. मग ते थांबले. मी बोटं कीबोर्डवर धरून बसलो. रूपाली दारात उभी होती.

“ह्या पायरीवर एक पोरगं बसलंय,” आप्पा सावकाश म्हणाले. “सदऱ्याची बटनं खालवर. दोन हातांत दोन भवरे. टरकवाला हारन वाजवतोय, तुझी आई वरडतीया, एकच घे म्हनून, जागा न्हाई. आनि ह्ये कवा ह्याच्याकडं बघतंय, कवा त्याच्याकडं.”

मी कीबोर्डवरून मान वर केली. “आपलं घर, आप्पा?”

“आपलंच की. आपल्या घराला कोन मोजतंय? नदीकडनं आलो की सरळ आत जायाचो मी.”

“मग मी कुठला घेतला?” मी विचारलं. मला खरंच आठवत नव्हतं.

“कुठलाच न्हाई,” आप्पा म्हणाले. “शेवटाला मीच तुला काखेत मारलं आनि टरकात टाकलं. दोन्ही तितंच ऱ्हायलं. हायती अजून, पायरीवर.”

मी लिहिलं. उरलेली तीन घरं उतरून आम्ही नदीपर्यंत आलो. मग सेव्ह केलं आणि रूपालीच्या सांगण्यावरून भिंतीतून वायरच काढली. लॅपटॉपने मान टाकली. आम्ही तिघं त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिलो. मी वायर पुन्हा लावली, बटण दाबलं, फाइल उघडली आणि आप्पांना वाचता यावं म्हणून अक्षर आणखी मोठं केलं. आप्पा पुढे वाकले आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागले.

“चौथं घर. आमचं. पायरीवर दोन भोवरे.”